उसन्या मदतीची किंमत : फँटसी कॅम्पेनचे बीज कोठे शोधावे

मित्रहो, आपला विषय आहे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेका पात्राच्या भूमिकेत बोलत आणि फासे टाकत खेळायचा कथाखेळ. अनेक बैठकांत, म्हणजे सेशन्समध्ये, चालणाऱ्या त्यातल्या सलग कथेला कॅम्पेन म्हणतात, आणि ती चालवणाऱ्याला गेम मास्टर. कॅम्पेन लिहायला बसलेला नवा गेम मास्टर बहुधा नकाशापासून सुरुवात करतो. आधी पर्वतरांगा, मग नद्या, मग सात राज्ये, त्यांच्या राजवंशांच्या याद्या आणि तीन हजार वर्षांचा इतिहास. हे काम आनंदाचे आहे आणि मी त्याला कमी लेखणार नाही. पण महिनाभर वही भरल्यानंतरही पहिल्या सेशनला खेळाडूंसमोर काय ठेवायचे हा प्रश्न तसाच उरतो, कारण नकाशात जागा असतात, त्या जागांवरून कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे त्यात नसते. माझे आजचे म्हणणे असे की कॅम्पेनची कल्पना शोधताना भूगोलाकडे नंतर जावे आणि आधी एक न फिटलेले देणे शोधावे. कोणी कोणाकडून काय घेतले, त्याच्या बदल्यात काय कबूल केले, आणि ते फेडण्याची वेळ नेमकी आताच का आली, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आली की राज्ये आणि नद्या त्यांच्या मागोमाग येतात.

या खेळाच्या जन्मकथेतही याला आधार सापडतो. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावावर युद्धखेळ मांडला. त्यांनी केवळ सेनापतींवर न थांबता गावातल्या निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिका खेळाडूंना दिल्या आणि प्रत्येकाला स्वतःचा हेतू नेमून दिला. खेळाडू लगेच आपापसात बोलणी आणि कारस्थाने करू लागले, आणि लढाई बाजूला पडली. वेस्लींना डाव फसल्यासारखे वाटले. खेळणाऱ्यांना मात्र तो इतका आवडला की त्यांनी तसाच खेळ पुन्हा मागितला. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नसन यांनी ही रीत अद्भुताच्या जगात नेली, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्यासह त्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. एकाच गावात अडकलेल्या माणसांच्या परस्परविरोधी गरजा या खेळात ड्रॅगनच्याही आधी आल्या, हे आपण विसरू नये.

आपण नागपुरात बसलो आहोत, तेव्हा उदाहरण नागपूरचेच घेऊ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा खेडी जोडून हे शहर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी येथे आणली आणि शहराला तट घातला; महालातील जुम्मा दरवाजा, ज्याला आज आपण गांधी गेट म्हणतो, तो त्याच काळातला. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि वली शाहाने गादी बळकावली. तेव्हा राणी रतनकुंवरने आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून मराठा सरदार रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजींनी वली शाहाचा निकाल लावला, अकबर शाह आणि बुरहान शाह या भावांना गादीवर बसवले आणि भरघोस मोबदला घेऊन ते परत गेले. पुढे भावाभावांत वितुष्ट आले, पुन्हा रघूजींना बोलावणे गेले, आणि १७४३ च्या सुमारास सत्ता भोसल्यांच्या हाती आली ती आलीच. बुरहान शाहाकडे राजाचा मान तेवढा राहिला.

या घटनेत वाईट माणूस शोधत बसले तर कॅम्पेन हातातून निसटते. राणीला मुलांसाठी मदत हवीच होती, मदत करणाऱ्याने ती खरोखर केली, आणि तरीही राज्य गेले. ही घडण जशीच्या तशी उचलावी, व्यक्ती आणि काळ मात्र सोडून द्यावेत, कारण नुसती नावे बदलून इतिहास खेळवला तर शेवट ठाऊक असलेला खेळाडू निर्णय घ्यायचेच थांबवतो. समजा, आपल्या काल्पनिक नगरीच्या राणीने मदत मागितली ती माणसांकडे नव्हे, तर माळरानावरील शिलावर्तुळांखाली झोपलेल्या प्राचीन सैन्याकडे. (नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाण काळातील अशी वर्तुळे आहेत, ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी लिहायला बसण्यापूर्वी ती अवश्य पाहून यावीत.) ते सैन्य पहिल्या मदतीचे मोल अगदी हलके सांगते: दर अमावस्येला नगरीचा एक दरवाजा रात्रभर उघडा ठेवावा, एवढेच. त्यात कोणालाच धोका दिसत नाही आणि खेळाडू आनंदाने हो म्हणतात. काही सेशननंतर दोघे राजपुत्र भांडू लागतात, दोघांचाही दावा रास्त असतो, खेळाडूंचे गटही दोघांत विभागले जातात, आणि राजपुत्रांपैकी एक जण पुन्हा त्या वर्तुळांकडे निरोप धाडतो. दरवाजा तर आधीपासूनच उघडा आहे. पहिल्या सौद्यातूनच दुसरे संकट उगवावे, आणि तो सौदा खेळाडूंच्याच तोंडून झालेला असावा, ही माझ्या मते चांगल्या कॅम्पेनची कसोटी आहे.

ज्यांना राजवाडे नको असतील त्यांनी झाडीपट्टीकडे वळावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत जुने मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी देतात. तलाव म्हटला की तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, कोणी उघडायचे, आधी कोणाचे बांध भरायचे आणि शेवटच्या शेताला काय उरायचे, हे प्रश्न आलेच. अशा एका तलावावर चार गावे बसवा, प्रत्येक खेळाडूला वेगळ्या गावचा करा, आणि तलाव बांधताना पूर्वजांनी पाण्यातल्या शक्तीला दिलेला शब्द चारही गावे वेगवेगळा सांगतात असे ठरवा. वर्षभराचा खेळ यात सहज मावतो. चंद्रपूरची आख्यायिकाही मोलाची आहे: खांडक्या बल्लाळ शाहाने सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले, आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर राणीच्या सल्ल्याने तट उभा राहिला. त्या तटात सशाचे बळ अजून आहे की ते आता संपत आले आहे, एवढ्या एका प्रश्नावर नगरी उभी करता येते. लोणारचे विवर सगळ्यांनाच खुणावते. पण तिथल्या आख्यायिकेतल्या असुराचा वध झाला की कथा संपते, म्हणून पहिल्या कॅम्पेनसाठी मी ते सुचवणार नाही.

हे सारे गेम मास्टरने एकट्याने घरी ठरवू नये. खेळ सुरू होण्याआधीची एक बैठक केवळ कल्पनांसाठी ठेवावी आणि प्रत्येक खेळाडूला विचारावे की तुझे पात्र कोणाचे देणे लागते, त्याचे देणे कोण लागते, आणि कोणते देणे ते कधीच फेडणार नाही. उत्तरे एकमेकांत गुंतवत गेले की तासाभरात एक वस्ती, तीन-चार महत्त्वाच्या व्यक्ती आणि एक मुदत हाती येते. तेवढेच लिहावे, आणि सोबत खेळाडूंनी काहीच केले नाही तर पुढच्या अमावस्येपर्यंत काय घडेल याच्या चार ओळी. आपल्या खडी गंमत या लोकनाट्यातले कलावंत कथेचा सांगाडा मनात ठेवून संवाद उभ्याउभ्या रचतात; गेम मास्टरची तयारीही तशीच असावी.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. गोंड समाजाची दैवते आणि कथा या आजच्या, जिवंत श्रद्धा आहेत. त्यांना राक्षसांच्या यादीत घालून फाशांनी मारायला ठेवू नये. दैवताचे नाव आणि रूप घेऊ नये. मनुष्याने निसर्गाकडून घेतलेले आणि परत देण्याचे मान्य केलेले, हा संबंध घ्यावा, आणि टेबलावर त्या समाजातला मित्र असेल तर आधी त्याच्याशी बोलावे.

पहिले सेशन राणीच्या पत्राने सुरू करा. मजकूर पूर्ण असावा, शिक्का उमटलेला असावा, फक्त मोबदल्याची ओळ कोरी असावी. ते पत्र खेळाडूंच्या हाती देऊन त्यांना शिलावर्तुळांकडे पाठवा. कोऱ्या ओळीत ते काय लिहितात, ते लिहिण्याला कोणाचा विरोध होता आणि सही कोणी केली, हे शब्दशः टिपून ठेवा. दुसऱ्या सेशनची तयारी त्या टिपणावरूनच करायची आहे.