दवाखाना कोण तपासतो?

श्रोतेहो, नमस्कार.

वाण्याचा तराजू वैधमापन खातं तपासतं, रिक्षाचा मीटर आरटीओ तपासतं. मग ज्या दवाखान्यात आपण तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन जातो, तो कोण तपासतं?

खाटा असतील, तर उत्तर सोपं आहे. आपल्याकडे 1949 पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. पुण्यात महापालिकेचं आरोग्य खातं ही नोंदणी करतं आणि ठरावीक मुदतीने तिचं नूतनीकरण करावं लागतं. 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनदही दर्शनी भागात लावावी लागते. पण कसब्यातला किंवा धायरीतला एका खोलीचा दवाखाना घ्या. टेबल, पडदा, तपासायचं बाकडं, बाहेर चार खुर्च्या. खाट नाही, म्हणून तो या कायद्यात बसत नाही. असे बिनखाटांचे दवाखानेही ज्यात बसतात, तो केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन फॅमिली डॉक्टरांकडेही तपासणीला जातं, ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरा’पर्यंत शेरा देतं आणि तो शेरा दवाखान्यात लावावा लागतो. तिथले डॉक्टर त्या कागदपत्रांच्या नावाने बोटं मोडतात, तो भाग वेगळा. आपल्या फॅमिली डॉक्टरांवर मात्र निम्मीअधिक तपासणी स्वतःच करायची वेळ आहे, आणि ती नेमकी कशाची, हे पेशंटलाही ठाऊक हवं.

सुरुवात सुईपासून. सुई बदलली पण सिरिंज तीच ठेवली, तर चालतं, असा समज अजून भेटतो. चालत नाही. सुई काढताना सूक्ष्म रक्त सिरिंजमध्ये ओढलं जाऊ शकतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकतो. गुजरातेत मोडासा परिसरात 2009 साली या काविळीची जी साथ आली, तिच्या मुळाशी पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजा होत्या. दुसरी खोड म्हणजे मोठ्या बाटलीच्या बुचात सुई टोचून ठेवायची आणि दिवसभर तिथूनच औषध ओढायचं. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहावी आणि उत्पादकाने वेगळी मुदत दिली नसेल, तर 28 दिवसांनंतर ती वापरू नये.

सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणि एक आपल्यासाठीही: ‘डॉक्टर, एक इंजेक्शन देऊनच टाका’ हा आग्रह सोडा. गोळीने भागत असेल, तर सर्वांत सुरक्षित सुई म्हणजे न टोचलेली.

आता फ्रिज. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण गोठूनही ती वाया जाते, हे कंपाउंडरला कुणी सांगितलेलं नसतं. हिपॅटायटिस बी, त्रिगुणी, धनुर्वात या लसी एकदा गोठल्या की संपल्या. वितळल्यावर त्या पुष्कळदा पूर्वीसारख्याच दिसतात, हीच खरी पंचाईत. म्हणून त्या बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायच्या नाहीत. दारात तर नाहीच, कारण दार दर पेशंटगणिक उघडतं. आत थर्मामीटर हवा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद हवी. पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. त्या दिवशी फ्रिज बंद ठेवावा, उघडूच नये, आणि वीज आल्यावर तापमान बघून मगच लस काढावी. त्या फ्रिजमध्ये डबा, दूध, मोगऱ्याचा गजरा काहीही नको. हसू नका, गजरेसुद्धा असतात.

जिथे इंजेक्शन देतात, तिथे ॲड्रिनॅलिनची ॲम्प्युल हाताशी हवीच. तीव्र ॲलर्जी आली तर ती मांडीच्या स्नायूत लगेच द्यावी लागते. ती वर्षानुवर्षं वापरावी लागत नाही, त्यामुळे मुदत कधी उलटली हे लक्षातच येत नाही.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र छोट्या दवाखान्यालाही सूट नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार खाट नसली, तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सिरिंज-नळ्या लाल पिशवीत, सुया न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. कापूस 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. हे न पाळल्याची शिक्षा भोगते ती घंटागाडीवर हाताने कचरा वेगळा करणारी बाई. तिच्या बोटात गेलेली सुई कुणाची होती, हे तिला कधीच कळत नाही.

आणि भिंतीकडेही बघा. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवरही हवा, असा 2002 पासून नियम आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरचा क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक दिसत नसेल, तर विचारा. टाळाटाळ झाली, तर महापालिकेच्या आरोग्य खात्याला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

नमस्कार.