बिनवासाचा सोनचाफा

[दृश्य: सकाळ. लोकलचा लेडीज डबा. मांडीवरच्या पर्सवर पिवळ्या दोऱ्याचा गुंडा. खिडकीबाहेर कांदिवली मागे पडते आहे.]

चौथी सीट मिळाली तर अर्धी पाकळी विणून होते. खिडकी मिळाली तर दोन. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर गेला महिनाभर मी असंच मोजते आहे. उभं राहावं लागलं तर मात्र शून्य. एक हात कडीला आणि दुसऱ्या हातात क्रोशाची सुई, हा प्रयोग मी एकदा करून पाहिला. शेजारच्या काकूंच्या पदरात सुई अडकली आणि गोरेगावपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना बांधलेल्या होतो.

लोकलमध्ये क्रोशाच का? कारण साधं आहे. दोन सुयांवरच्या विणकामात सुईवर टाक्यांची अख्खी रांग जिवंत असते. गाडीने हिसका दिला आणि सुई निसटली की पाच-सहा टाके एकदम गळतात. क्रोशात आकड्यावर बहुतेक वेळा एकच फास असतो. सुटला तर तेवढाच सुटतो. अंधेरीला उठायचं झालं तर काम पर्समध्ये कोंबायचं आणि दादरला पुन्हा काढायचं. काही बिघडत नाही.

माझ्या आईला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, कारण तिला स्टोव्हवरच्या दुधासाठी उठायचं असे.

[दृश्य: लालबाग. चाळीचा लांब व्हरांडा. कठड्यावर वाळत घातलेले कपडे. खालून ढोलाच्या सरावाचा आवाज.]

ही आमची चाळ. खोली दहा बाय बारा. वडील गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असं गिरणगावात आजही सांगतात. आमच्या घरात तो कसा संपला ते मला माहीत आहे. वडील एक दिवस वॉचमनची टोपी घेऊन आले.

मधल्या काळात घर चाललं ते एका सुईवर. एक व्यापारी दोरा द्यायचा आणि नमुना द्यायचा. आठवड्याने माणूस येऊन माल मोजून न्यायचा. टेबलावरचे गोल रुमाल, टीव्हीवर टाकायची झालर, दारावरची तोरणं. पैसे डझनावर. मी तेव्हा जन्मलेलीही नव्हते. पण मला कळायला लागलं तेव्हाही हे काम सुरूच होतं. तो माणूस यायचा, रुमाल हातात घ्यायचा आणि पहिल्यांदा उलटा करायचा. दोऱ्याची टोकं मागून नीट लपवलेली नसली की तो नग बाजूला. बाजूला पडलेल्या नगाचे पैसे नाहीत, वर दोऱ्याचे कापणार.

तेव्हापासून आई कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघते. साडी असो, पिशवी असो, माझी शाळेची वही असो. सुनेने आणलेला महागडा कुर्ता तिने भर दुकानात उलटा केला होता. सून अजून विसरलेली नाही.

[दृश्य: जवळून. पोलादी सुई. अंगठा टेकतो तो चपटा भाग झिजून गुळगुळीत झाला आहे.]

ही तिची सुई. पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली सापडली.

मला तिने क्रोशा शिकवला नाही. मी मागे लागले होते. आठ-नऊ वर्षांची असेन. तिने सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "तू पुस्तक वाच. या सुईवर पोट भरायची वेळ तुझ्यावर नको यायला." विषय संपला. पुढे मी बीकॉम झाले, नोकरीला लागले, आणि चाळिशीला टेकल्यावर फोनवर व्हिडिओ बघत बघत चोरून शिकले. मला आज सगळ्यात गंमत वाटते ती या चोरीची.

आता क्रोशाला पुन्हा बरे दिवस आले आहेत. क्रोशाच्या फुलांचे गुच्छ ऑनलाइन विकले जातात, कॉलेजातल्या मुली हौसेने विणतात. मला आनंदच आहे. फक्त कुणी "आजीबाईंचा विरंगुळा" म्हणालं की माझं डोकं फिरतं. विरंगुळा कसला! आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ आला, तेव्हा तिथल्या बायकाही हेच करत होत्या. बारीक सुईने सुती दोऱ्याचे गुलाब विणायच्या, एकावर एक पाकळ्यांचे थर असलेले. गुलाब वेगळे, पानं वेगळी, आणि मग सगळं जाळीत जोडून श्रीमंतांच्या कपड्यांची लेस. आपल्याकडे आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे मिशनऱ्यांनी नेलेली ही कला घराघरांत पसरली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी नरसापूरच्या लेसवाल्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की या बायका जगाच्या बाजारासाठी दिवसभर राबतात, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नाही. घरी बसून फावल्या वेळात करतात, असंच सगळे धरून चालतात. ते पुस्तक आलं १९८२ साली. त्याच वर्षी लालबागच्या एका खोलीत माझी आई डझनावर रुमाल विणत होती.

[दृश्य: दादर फूलबाजार, पहाट. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटावर चाफ्याची पाकिटं.]

आईला द्यायला फूल कुठलं करायचं यावर माझा वाद नव्हता. सोनचाफा.

संपाआधी पगाराच्या दिवशी वडील येताना तिच्यासाठी सोनचाफ्याची दोन फुलं आणायचे, ही गोष्ट मावशीने सांगितलेली. आई स्वतः सांगते ते वेगळंच. "मला नाही बाई तो वास सोसत, डोकं दुखतं." लहानपणी मला ते खरं वाटायचं. मग एकदा दादरला या बाजारातून तिच्याबरोबर चालताना पाहिलं. चाफेवाल्यापाशी ती उगाचच भाव विचारत उभी राहिली. घेतला नाही. पण चांगली पाच मिनिटं उभी होती.

मी वसईहून आलेली फुलं इथून विकत घेतली आणि एक चक्क उसवलं. म्हणजे पाकळी पाकळी सुटी करून वर्तमानपत्रावर मांडली. पंधरा निघाल्या. चाफ्यात हिरवी निदलं आणि रंगीत पाकळ्या असा भेद नसतो, सगळ्या एकाच जातीच्या. बाहेरच्या रुंद, आतल्या अरुंद होत जातात. मधोमध हिरवट कणसासारखा दांडा. रंगही एकच नव्हे. बुडाशी फिका, टोकाकडे हळदीला केशर लागावं तसा. दुकानात मला असा दोरा मिळाला नाही. शेवटी दोन पिवळे घेतले, एक लिंबाकडे झुकणारा, एक आंब्याकडे. दोन्ही सुती. लोकर मुद्दाम टाळली. लोकरीला लव असते, पाकळीची कड धूसर दिसते. चाफ्याची कड कशी, नखाने कोरल्यासारखी हवी.

[दृश्य: जवळून. बोटं, सुई, दोरा. पाकळी आकार घेते आहे.]

सोळा साखळ्या. शेवटची सोडायची आणि परत फिरायचं. टोकाला एक मुका खांब, म्हणजे बुटका टाका. मग दोन अर्धे खांब. मग आठ पूर्ण खांब, इथे पाकळीचं पोट भरतं. पुन्हा दोन अर्धे, दोन मुके. बुडाशी वळायचं आणि साखळीच्या दुसऱ्या अंगाने तेच उलट क्रमाने वर चढायचं. उंची टाक्याटाक्याने वाढते आणि उतरते, त्यातूनच पाकळीला बाक येतो. लांबी भरते पावणेदोन इंच. बाहेरच्या पाकळ्या अशा. आतल्यांना बारा साखळ्या पुरतात, खांबही कमी.

ऐकायला सोपं आहे. माझ्या पहिल्या सहा पाकळ्या मात्र भेंडीसारख्या झाल्या. लांब आणि लुळ्या. आठवडाभर मला कळेना काय चुकतंय.

चूक पुस्तकातून आली होती. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला क्रोशाची एक जुनी इंग्रजी पुस्तिका मिळाली होती, आतली पानं पिवळी पडलेली. त्यातला एक फुलाचा नमुना मी घेतला. त्यात लिहिलेलं "डबल क्रोशे". व्हिडिओत शिकलेली मी, तिथलं डबल म्हणजे पूर्ण खांब. पुस्तिका निघाली ब्रिटिश. ब्रिटिशांचं डबल म्हणजे अमेरिकनांचं सिंगल, म्हणजे आपला मुका खांब. नाव तेच, टाका वेगळा. मी मुक्याच्या जागी पूर्ण खांब घालत बसले होते. आईला कुठलंच इंग्रजी नाव माहीत नव्हतं. ती नमुना बोटांनी चाचपून घ्यायची आणि तसाच विणायची. तिची अशी चूक झालीच नसती.

सहाही पाकळ्या उसवल्या. दोऱ्याचं टोक ओढलं की सरसर सुटत जातं, दहा मिनिटांचं काम दहा सेकंदांत. समोरच्या सीटवरची मुलगी कळवळून म्हणाली, "अहो ताई, असू द्यायची होती की! कुणाला कळणार होतं?"

तिला माझी आई माहीत नाही.

[दृश्य: रात्र. बोरिवलीचं घर. दिव्याखाली पंधरा पाकळ्या, पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून लावलेल्या.]

विणण्यापेक्षा जास्त वेळ टोकं लपवण्यात गेला. प्रत्येक पाकळीला दोन टोकं, म्हणजे तीस. जाड सुईत टोक ओवायचं, टाक्यांच्या पोटातून इंचभर न्यायचं, मग उलट फिरवून पुन्हा तेवढंच आणायचं आणि कापायचं. एकाच दिशेने नेलं तर धुण्यात निसटतं. मग पाकळ्या ओल्या करून, ताणून, रात्रभर वाळवल्या. सकाळी तारेच्या दांडीभोवती बांधल्या. आधी आतल्या, मग बाहेरच्या, प्रत्येक मागचीपेक्षा थोडी सरकवून. खाली हिरव्या दोऱ्याचं वेष्टन.

महिना सव्वा महिना लागला. ऑफिसातल्या एकीने विचारलं, "मदर्स डे तर होऊन गेला ना?" गेला, मे महिन्यातच. तो दिवस सुरू करणाऱ्या अमेरिकेतल्या ॲना जार्विस यांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आपल्या आईला आवडायची म्हणून १९०८ साली त्यांनी चर्चमध्ये वाटायला पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. पुढे फुलवाल्यांनी आणि ग्रीटिंग कार्डवाल्यांनी त्या दिवसाचा असा धंदा केला की बाई स्वतःच त्याच्याविरुद्ध भांडत राहिल्या. माझं त्यांच्याशी जमलं असतं.

पण आमच्याकडे आईचा दिवस श्रावणातला. पिठोरी अमावस्या.

[दृश्य: लालबाग, संध्याकाळ. गणपतीला चार दिवस. रस्त्यावर बांबू, दोरखंड, गर्दी. जिन्यातून वर जाणारी पावलं.]

पिठोरीला आई पूजा करते आणि खीर-पुरीचं वाण घेऊन आमच्याकडे पाठ करून बसते. ताट डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे पाहुणा. मागे बसलेल्या पोराने "मी" म्हणायचं आणि वाण घ्यायचं. काही घरांत फक्त मुलग्यांना विचारतात. आमच्याकडे पहिल्यापासून मलाही.

आम्ही कॅमेरा दारातच ठेवला. आत तिघांनाच जागा.

"अतीत कोण?"

"मी."

मी ताट घेतलं. तिचे हात अजून मागेच होते, रिकामे. त्यात फूल ठेवलं.

ती वळली नाही. बोटांनी चाचपलं. एक पाकळी, दुसरी, मग मधला दांडा. खाली ढोलवाले थांबले होते, त्यामुळे तिचं बोलणं ध्वनिमुद्रणात स्वच्छ आलं आहे.

"चाफा? वास कसा नाही आला?"

मग वळली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. माझ्याकडे बघितलंच नाही. फूल उलटं केलं आणि दिव्याजवळ नेलं.

मला वाटलं विचारेल, कधी शिकलीस? किंवा रागावेल. तिने एकेक पाकळी मागून नखाने खरवडून पाहिली. अकरावीशी थांबली. तिथलं टोक मी एकाच दिशेने नेलं होतं. त्या रात्री बारा वाजून गेले होते आणि मला झोप आली होती.

"हा नग बाजूला," ती म्हणाली. हसत होती की नाही, ते चित्रीकरण दहादा बघूनही मला ठरवता आलेलं नाही.

मग हात पुढे केला. "सुई आण."

मी माझी, ॲल्युमिनियमची, रबरी मुठीची दिली. तिने ती चमच्यासारखी तोलून बघितली आणि परत केली. मी ट्रंकेतली दिली. ती तिने पेनासारखी धरली. मी सुरीसारखी धरते, व्हिडिओत तसंच दाखवतात. डाव्या हाताच्या करंगळीला दोऱ्याचा वेढा घेताना पहिल्यांदा बोट अडखळलं. दुसऱ्यांदा नाही. अकरावी पाकळी सोडवली, उसवली आणि नव्याने धरली. सोळा साखळ्या तिने मोजल्यासुद्धा नाहीत.

मी समोर गुंडा धरून बसले. खीर निवत होती. पाचव्या खांबावर ती मान वर न करता म्हणाली, "ओढून काय धरलायस? दोरा सैल सोड."