डोक्याची मेहनत मोजताना

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालू असताना मुनिमाकडे बघा. नवी बोली कानावर पडतेय, आधीचा भाव ध्यानात ठेवायचाय, रवे किती तेही विसरायचं नाही, आणि त्यातच तोंडी हिशेब. माहिती क्षणभर धरून तिच्यावर काम करणाऱ्या या शक्तीला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिच्यात जागा फार थोडी. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये साधारण सात गोष्टींचा अंदाज मांडला, २००१ मध्ये दुसरे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला.

या कामाला किती जोर लागतोय, ते डोक्यावर लावलेल्या दोन-चार इलेक्ट्रोडवरूनही, म्हणजे वीज टिपणाऱ्या छोट्या चकत्यांवरूनही, काहीसं कळतं. माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी जर्मनीतल्या येना इथं मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा नोंदवल्या. मेंदूच्या लहरींच्या या नोंदीलाच ईईजी म्हणतात. कवटीवर पोचणारा हा विद्युतदाब व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो.

चाचणी साधी आहे. पडद्यावर एकेक अंक येतो. तो दोन घरं आधीच्या अंकाशी जुळतो का, एवढंच सांगायचं. मग दोनाऐवजी तीन घरं. ओझं वाढलं की कपाळाच्या वर, मधोमध, सेकंदाला चार ते आठ वेळा हेलकावणाऱ्या थीटा लहरी जोर धरतात. डोक्याच्या मागच्या बाजूच्या, आठ ते तेरा वेळांच्या अल्फा लहरींचा जोर बहुधा कमी होतो.

मला यातलं मोलाचं वाटतं ते असं: दोन मुलांना सारखेच गुण पडतात, पण एकाला ते सहज जमलेलं असतं आणि दुसऱ्याची पार दमछाक झालेली असते. गुणपत्रिकेत हा फरक दिसत नाही. लहरींत दिसू शकतो.

पण पापणी लवली किंवा दात आवळले, तरी त्या हालचालीचा संकेत मेंदूच्या संकेताला सहज झाकून टाकतो. शिवाय प्रत्येकाच्या लहरींची उंची मुळातच वेगळी. म्हणून एका मुलाचा आलेख दुसऱ्याच्या शेजारी ठेवून हुशार कोण, हे ठरवणं मला साफ चुकीचं वाटतं. त्याच मुलाची शांत बसलेली नोंद आणि काम करतानाची नोंद, तुलना करायची ती या दोन्हींची.

पालकांनो, ईईजीचा हेडसेट घेऊन कोणी मुलाची बुद्धी मोजून देतो म्हणालं, तर आधी विचारा: शांत बसल्यावरची नोंद घेतलीत का, आणि पापण्यांचा गोंधळ कसा वगळलात?