भिंत सुकेपर्यंत

मित्रहो,

पूर ओसरल्यावर अमेरिकेतल्या चर्चचे स्वयंसेवक एखाद्या घरात शिरतात, तेव्हा त्यांच्या हातात सगळ्यांत आधी पहार येते. करवत, खिळे, रंग यांची पाळी फार नंतर. तिकडची बरीचशी घरं लाकडी सांगाड्यावर उभी असतात. उभ्या लाकडी पट्ट्या, त्यांच्या मधल्या पोकळीत थंडी-उष्णता अडवणारा कापसासारखा थर, आणि आतल्या बाजूनं जिप्समचे बोर्ड. या बोर्डाला कागदाचं आवरण असतं. दिव्याची वात तेल ओढते तसा बोर्ड पाणी वर ओढतो. म्हणजे घरात दीड-दोन फूट पाणी चढलं असेल, तर भिंत त्याच्याही बऱ्याच वरपर्यंत ओली झालेली असते, आणि बाहेरून ते दिसत नाही. म्हणून अशा वेळी भिंत जमिनीपासून चार फुटांवर सरळ आडवी कापायची पद्धत आहे. चारच फूट का? तर बोर्ड चार फूट रुंदीचा मिळतो. नवा बोर्ड आडवा लावला की ती जागा नेमकी भरते.

हे सगळं काढून झालं, चिखल उपसला, लाकूड घासून धुतलं, की आतला सांगाडा उघडा पडतो. आणि मग थांबायचं. पंखे लावायचे, हवेतला ओलावा शोषणारी यंत्रं लावायची. दोन टोचण्या असलेलं एक छोटं यंत्र लाकडात रोवून आकडा बघायचा. तो साधारण पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत भिंत बंद करायची नाही. ओल्या घरात बुरशी एक-दोन दिवसांत धरायला लागते. घाई करून वर नवा बोर्ड ठोकला, तर ती आत सुखानं वाढते, आणि सहा महिन्यांनी त्या घरातली मुलं खोकायला लागतात.

मला आज या थांबण्याबद्दल बोलायचं आहे. आपत्तीनंतरच्या मदतीचं आपल्या मनातलं चित्र धावपळीचं असतं. होड्या, हेलिकॉप्टर, अन्नाची पाकिटं. ते काम मोलाचंच आहे. पण घर बांधणं हे वेगळ्या जातीचं काम आहे. ते कॅमेरे निघून गेल्यानंतर सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. या कामात चर्चच्या लोकांनी जे मिळवलंय ते निव्वळ उत्साहाच्या बळावर मिळवलेलं नाही. टिकून राहण्याची एक व्यवस्था त्यांनी उभी केली. त्या व्यवस्थेविषयी मला मनापासून आदर आहे.

सुरुवात अगदी लहान होती. १९५० साली कॅन्सस राज्यातल्या हेस्टन गावी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या संडे स्कूलमधली (चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली) काही तरुण जोडपी सहलीला जमली होती. मेनोनाइट लोक शस्त्र हाती धरत नाहीत. सोळाव्या शतकापासूनची त्यांची ही भूमिका आहे, आणि तिच्यापायी त्यांनी छळही सोसलाय. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यातल्या अनेक तरुणांनी सैन्यात जायला नकार दिला आणि त्याऐवजी जंगलांत, मनोरुग्णालयांत, जमिनीची धूप थांबवण्याच्या कामांत वर्षं काढली. युद्ध संपल्यावर प्रश्न उरला, की शेजारी लढून आले, आपण आता शांततेच्या काळात कुणाच्या कामी येणार? त्या सहलीत या प्रश्नावर बोलणं झालं आणि एक गट ठरला. पुढच्याच वर्षी कॅन्ससमध्ये मोठे पूर आले. त्या छोट्या गटातून मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस ही संस्था वाढली. आज ती अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे घरं बांधते. मेनोनाइटांशी नातं असलेल्या, साधेपणानं राहणाऱ्या आमिश पंथाचे लोकही तिच्या कामावर येतात. कोठार जळालेल्या शेजाऱ्यासाठी सगळ्या वस्तीनं जमून नवं कोठार उभं करायचं, ही त्यांची जुनी रीत, त्यामुळे त्यांना यात काही नवीन वाटत नाही.

आता २००५ साल. २९ ऑगस्टला कॅटरिना चक्रीवादळ लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आलं. न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं ते मुख्यतः कालव्यांचे तट आणि बांध फुटल्यामुळे. जवळपास ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं आणि कित्येक आठवडे तसंच राहिलं. मेक्सिकोच्या आखाताच्या या किनाऱ्यावर हजाराहून जास्त माणसं गेली. जी वाचली त्यांनी परत येऊन दार उघडलं, तर दार उघडेना. आत फर्निचर तरंगून दाराला येऊन अडकलेलं.

अशा वेळी सरकार काय करतं, असा प्रश्न कुणालाही पडेल. करतं, पण त्याला मर्यादा आहेत. त्या वर्षी केंद्राच्या आपत्ती यंत्रणेकडून एका कुटुंबाला मिळू शकणारी थेट मदत जास्तीत जास्त २६,२०० डॉलर होती. घर उभं करायला ती पुरेशी नव्हती. पुढे राज्यानं ‘रोड होम’ नावाची योजना आणली. तिच्यात रक्कम ठरायची ती वादळापूर्वीची घराची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यांतला जो आकडा कमी असेल त्यावरून. ऐकायला निरुपद्रवी वाटतं ना? पण नीट बघा. एकसारखी दोन घरं, दोन्हींचं नुकसान सारखं, दुरुस्तीला लागणारं लाकूड आणि मजुरी सारखी. एक घर गोऱ्यांच्या वस्तीत, एक कृष्णवर्णीयांच्या. दुसऱ्या वस्तीत घरांच्या किमती पिढ्यान्‌पिढ्या दाबलेल्या होत्या, म्हणून तिथल्या कुटुंबाच्या हाती कमी पैसे. यावरून खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर सहा वर्षं उलटली होती.

आणखी एक अडचण कागदांची. आजीच्या नावावरचं घर, तिच्या पाच मुलांपैकी तिघं बाहेरगावी, कुणी वारस नोंदच केलेली नाही. घर चाळीस वर्षं आपलंच, पण आपलं आहे हे सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध झाल्याशिवाय मदत नाही. ऐकताना तुमच्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांपुढे ओळखीची घरं आली असतील. अशा ठिकाणी हातोड्याइतकीच वकिलाची गरज पडते. न्यू ऑर्लिन्समध्ये विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांनी हजेरी लावली नसती, तर कित्येक घरांवर छप्पर चढलं नसतं.

या सगळ्या फटींतून जे खाली पडतात, ते स्वयंसेवकांच्या वाट्याला येतात. म्हातारी विधवा, अपंग माणूस, विमा नसलेलं कुटुंब, ठेकेदार पैसे घेऊन पळालेलं घर. पण मदत करणाऱ्यांनीही आपापली पोतडी घेऊन वाटेल तिथे शिरायचं ठरवलं, तर एकाच घराला तिघं रंग देतात आणि पलीकडच्या गल्लीत कुणी फिरकत नाही. १९६९ मध्ये कॅमिल वादळानंतर नेमकं हेच झालं. त्यातून शिकून १९७० मध्ये वेगवेगळ्या संस्थांनी एकत्र येऊन एक राष्ट्रीय मंच केला. आता मोठ्या आपत्तीनंतर गावोगावी दीर्घ पुनर्वसनासाठी समित्या बसतात. एका टेबलाभोवती कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, मेनोनाइट, शिवाय चर्चशी संबंध नसलेल्या संस्थाही. केसवर्कर, म्हणजे कुटुंबांची प्रकरणं सांभाळणारा कार्यकर्ता, एकेका कुटुंबाची हकीगत मांडतो. सरकारी पैसे किती आले, विमा किती, किती कमी पडतात. मग एक जण म्हणतो, छपराचं सामान आमचं. दुसरा म्हणतो, माणसं आम्ही देतो. तिसरा, वायरिंगचा परवानाधारक इलेक्ट्रिशियन आमच्याकडे आहे. तासाभरात एक घर मार्गी लागतं. माझ्या मते या साऱ्या प्रकारात धर्माचं सर्वांत सुंदर रूप कुठे दिसत असेल, तर त्या टेबलावर. धर्मशास्त्रावरून शतकानुशतकं भांडलेले लोक तिथे पत्र्यांचा हिशोब करत बसलेले असतात.

काम चालतं आठवड्याच्या पाळीनं. रविवारी एक तुकडी येते, चर्चच्या हॉलमध्ये किंवा संडे स्कूलच्या खोल्यांत बांधलेल्या दुमजली खाटांवर झोपते, सोमवार ते शुक्रवार काम करते, शनिवारी परतते. त्यांच्यात निवृत्त सुतार असतात, कॉलेजची मुलं असतात, हिवाळ्यात शेतीची कामं आटोपून आलेले शेतकरी असतात, आणि आयुष्यात कधी खिळा न ठोकलेले बँकेतले कारकूनही असतात. या शेवटच्या मंडळींना काय काम द्यायचं हे ठरवण्यात जागेवरच्या प्रमुखाचं खरं कसब. तो मात्र आठवड्याचा पाहुणा नसतो, महिनोन्‌महिने राहतो. त्याच्या वहीत कालच्या तुकडीनं कुठे सोडलं आणि उद्याच्या तुकडीनं कुठून उचलायचं हे लिहिलेलं असतं. दुसरा महत्त्वाचा कागद हजेरीचा. तुम्हाला ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण केंद्र सरकार आपत्तीनंतरच्या सार्वजनिक कामांचा साधारण तीन चतुर्थांश खर्च देतं, उरलेला वाटा राज्यानं आणि गावानं उचलायचा असतो, आणि स्वयंसेवकांनी दिलेले तास ठरावीक नियमांनी त्या वाट्यात धरता येतात. सही करायला विसरलेला माणूस गावाचे पैसे बुडवतो.

चुका होतात. कॅटरिनानंतर बोर्डांची इतकी मागणी वाढली की चीनमधून प्रचंड माल आला. त्यातल्या काही बोर्डांतून गंधकाची वाफ निघायची. कुजलेल्या अंड्यासारखा वास, तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, एसी पुन्हा पुन्हा बंद. धर्मादाय संस्थांनी प्रेमानं बांधलेली घरंही त्यात सापडली. उपाय एकच होता, सगळं काढा आणि पुन्हा लावा. ज्या कुटुंबानं नुकताच संसार मांडलाय त्याला ‘पुन्हा बाहेर पडा’ म्हणायला जावं लागणं, यापेक्षा अवघड काम मला माहीत नाही. तरीही सांगितलं पाहिजे, आणि पुन्हा बांधलं पाहिजे. चांगल्या हेतूनं बांधलेली वाकडी भिंत वाकडीच असते. ओळंबा हेतू विचारत नाही.

व्याख्यान सुरू होण्याआधी एकांनी मला सरळ विचारलं, की हे सारं धर्मप्रसारासाठीच चालतं ना? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळायचा नाही. १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी एक आचारसंहिता मान्य केली. तिच्यात स्पष्ट म्हटलंय, की मदत फक्त गरज बघून द्यायची आणि कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी ती वापरायची नाही. ती पुढे आणणाऱ्यांत कॅथलिकांची कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड काउन्सिल ऑफ चर्चेस होत्या. म्हणजे हा नियम चर्चवर बाहेरून लादलेला नाही. तरी जगात कुठे कुणी तो मोडलेलाच नाही, असं मी म्हणणार नाही. ज्याचं छप्पर गेलंय तो ‘नाही’ म्हणायच्या स्थितीत नसतो, म्हणून त्याच्यासमोर नुसती अपेक्षा घेऊन उभं राहणंसुद्धा बळजबरी ठरते. घरमालकानं प्रार्थना करा म्हटलं, तर करावी. नाही म्हटलं, तर कचऱ्याची पोती उचलावी. आणि दोन्ही घरांत भिंत तितकीच सरळ यावी.

हो, कचरा म्हटलं, पण हा शब्द मी त्या घरात उच्चारला नसता. जुने स्वयंसेवक नव्यांना हेच बजावतात. रस्त्याकडेला तो जो ओला ढीग पडलाय, तो कुणाचा तरी तीस वर्षांचा संसार आहे. काहीही टाकण्याआधी घरच्यांना विचारा. चिखलात माखलेले फोटो दिसले, तर ते स्वच्छ पाण्यात हलक्या हातानं धुऊन हवेवर वाळवता येतात. लगेच वेळ नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवून पुढे महिन्याभरानं सोडवता येतात. एका अल्बमसाठी दुपार गेली तर जाऊ द्यावी. घरमालकीण पायरीवर बसून बोलत असेल, तर एकानं हातातलं काम खाली ठेवून शेजारी बसावं. त्या आठवड्यातलं ते सगळ्यांत उपयोगी काम असू शकतं.

बायबलमध्ये नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमची पडलेली तटबंदी पुन्हा बांधल्याची हकीगत आहे. बावन्न दिवसांत तट पुरा झाला, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. मला त्यातला तिसरा अध्याय आवडतो, जो वाचायला सगळे कंटाळतात, कारण त्यात नुसती नावांची यादी आहे. अमक्यानं हे दार बसवलं, त्याच्या शेजारी तमक्यानं डागडुजी केली. सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, एक शल्लूम आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली आहेत. यांतला एकही गवंडी नव्हे. आणि पुष्कळ जण आपापल्या घरासमोरचाच तुकडा बांधतायत.

आठवड्याच्या पाळीनं येणाऱ्या तुकडीला पूर्ण झालेलं घर क्वचितच बघायला मिळतं. छप्पर एकानं घातलं, छताच्या कैच्या आणि भिंती एकमेकींना धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या दुसऱ्यांनी ठोकल्या, म्हणजे पुढच्या वादळात छप्पर उडणार नाही. सांध्यांत लांबी (पुट्टी) भरली तिसऱ्यांनी, आणि किल्ली हातात देताना चौथेच कुणी हजर होते. म्हणून असेल कदाचित, पुष्कळ ठिकाणी एक रीत पडली आहे. लाकूड सुकलं, तपासनीस येऊन वायरिंग बघून गेला, आता बोर्ड लावायचे, की सगळ्यांना एकेक पेन्सिल देतात. उघड्या लाकडी पट्ट्यांवर जो तो काहीतरी लिहितो. कुणी बायबलमधली ओळ, कुणी फक्त आपलं नाव आणि तारीख. घरमालकांची मुलंही लिहितात. मग बोर्ड वर चढतो, स्क्रू बसतात, सांध्यांवर लांबी फिरते, आणि दुपारपर्यंत तिथे कोरी पांढरी भिंत असते.