पाळणा कुठे टांगलाय?

(दृश्य: जुनी, जाडजूड खातेवही. शाईने आखलेले रकाने. कॅमेरा एका ओळीवरून सावकाश सरकतो.)

या वहीत बाळांची वजनं आहेत. पौंडात. एक जन्माच्या वेळचं, एक वर्षाचं झाल्यावरचं. शेजारी आणखी रकाने: अंगावर पितंय की बाटलीने, दात किती आलेत.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात या नोंदी १९११ मध्ये सुरू झाल्या. सैन्यभरतीला येणारी तरुण पोरं फारच किरकोळ निघत होती आणि सरकारला त्याचा घोर लागला होता. एथेल मार्गारेट बर्नसाइड तिथल्या सुईणींच्या तपासनीस. सायकलवरून गावोगाव फिरायच्या. त्यांच्या हाताखालच्या परिचारिका घरोघर जाऊन तान्ह्या बाळांची वजनं घ्यायच्या आणि वहीत टिपायच्या. काम चोख. त्यातून पुढे काय निघणार आहे, याची मात्र त्यांतल्या कुणालाही कल्पना असणं शक्य नव्हतं.

बाळं मोठी झाली, म्हातारी झाली. वह्या पडून राहिल्या. १९८० च्या दशकात त्या डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती आल्या. त्यांनी १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांची नावं मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली. वर्षाचं असताना ज्यांचं वजन १८ पौंड किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण २७ पौंड किंवा त्याहून जास्त वजनाच्या गुटगुटीत बाळांच्या अडीच पटींहून जास्त निघालं. मधे साठ-सत्तर वर्षं गेलेली, दोन महायुद्धं होऊन गेलेली.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण सहज म्हणतो. म्हणताना नजर असते पायांकडे. पाळणा कुठे टांगलाय, त्या खोलीत ओल किती, हलवणारा हात किती थकलाय, हे त्या म्हणीत येत नाही.

(दृश्य: मूत्रपिंडाचं रेखाचित्र. बारीक गाळण्या उजळत जातात.)

वजनाचा आणि हृदयाचा संबंध लागतो कसा? एक धागा मूत्रपिंडातून जातो. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या एका मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या घरात असतात. कुणाकडे याच्या निम्म्याहून कमी, कुणाकडे दुपटीने. ही संख्या आईच्या पोटातच ठरते. गरोदरपणाचे शेवटचे काही आठवडे उरले की नवी गाळणी बनणं थांबतं, आणि पुढे कितीही खाल्लं-प्यायलं तरी एकही वाढत नाही. पोटात आबाळ झाली, की गर्भ मेंदूला आधी पुरवतो आणि बाकीच्या अवयवांच्या वाट्याला काटकसर येते. कमी गाळण्यांवर जास्त भार, त्यातून चढता रक्तदाब, आणि त्याची झळ हृदयाला. पन्नाशीत डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. बरोबरच सांगतात. पण हा हिशेब फार आधी सुरू झालेला असतो.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली. शहरांत माणशी शिधा दिवसाला १,००० कॅलरींच्याही खाली गेला. दुष्काळ काही महिन्यांचाच, सुरुवात आणि शेवट दोन्ही माहीत असलेला. त्यामुळे कोणतं बाळ पोटात नेमकं कितव्या महिन्यात उपाशी राहिलं, हे नंतर सांगता आलं. त्यातली बरीच बाळं वजनाने ठीकठाक जन्मली होती. तरी गरोदरपणाच्या सुरुवातीला उपासमार सोसलेल्यांच्यात मोठेपणी हृदयविकार जास्त आढळला.

इथे थोडं थांबायला हवं. कमी वजनाने जन्मलेलं प्रत्येक मूल आजारी पडतं, असं यातलं काहीच सांगत नाही. हे हजारो माणसांमधलं प्रमाण आहे, कुणा एकाचं भविष्य नव्हे. अशी माणसं ठणठणीत म्हातारी झालेली आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात.

(दृश्य: समोरासमोर बसलेले आई आणि बाळ.)

अन्न झालं. आता चेहरा.

१९७० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते. मग ठरल्याप्रमाणे चेहरा निर्विकार करते. नुसती बघत राहते. बाळाच्या ते चटकन ध्यानात येतं. ते हसून बघतं. आई हलत नाही. हात पुढे करतं, आवाज काढतं, पुन्हा हसून बघतं. मग मान वळवतं. शेवटी आक्रसून जातं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. त्यानंतर आई पुन्हा हसते आणि बाळ हळूहळू सावरतं.

बघताना जीव कासावीस होतो. पण माझं लक्ष खिळतं ते त्या सावरण्यावर. भीती, भूक, मोठा आवाज, यांनी बाळाच्या रक्तात कॉर्टिसॉल चढतं. हे संप्रेरक साखर वाढवतं, शरीराला सावध ठेवतं, आणि वाढीसारखी सावकाशीची कामं मागे ढकलतं. कुणी उचलून घेतलं की ते उतरतं. हे चढणं-उतरणं हवंच, त्यातूनच शरीर शांत व्हायला शिकतं. उचलणारंच कुणी नसेल, दिवसचे दिवस, तर शरीर कायमचं दारात उभं राहून पहारा देऊ लागतं. पहाऱ्याचा खर्च मोठा असतो. तो पुढे झोपेत, साखरेत, रक्तवाहिन्यांत निघतो.

आणि इथेच एक घोटाळा होतो. हे सगळं ऐकून बोट थेट आईकडे जातं. तिने बोलायला हवं होतं, हसायला हवं होतं. प्रयोगात आईने चेहरा दगडासारखा केला, कारण तिला तसं सांगितलं होतं. प्रयोगाबाहेर तो कशाने होतो? रात्रपाळीने होतो. घरभाडं थकल्याने होतो. बाळंतपणानंतरच्या नैराश्याने होतो, ज्याला नाव आहे आणि उपचारही आहेत. हातावर पोट असलेल्या बाईला मुलाशी गप्पा मारा म्हणून पत्रक देणं सोपं आहे. पत्रक देणाऱ्याला नंतर घरी जाता येतं.

(दृश्य: सरकारी इमारतीचा जिना. वर-खाली जाणारी पावलं.)

बरं, हा प्रश्न फक्त गरिबांचा आहे का? लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८,००० सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. सगळे पुरुष. उपाशी कुणीच नाही, पगार ठरलेला, डॉक्टर मोफत. अंदाज असा होता की जबाबदारीच्या ओझ्याने साहेब लोक आधी जातील. झालं उलटं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या नोकरांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट होता. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे तो एका पायरीवर एकदम उडी मारत नव्हता. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूसही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर जात होता. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल धरूनही फरक पूर्ण मिटेना. या अभ्यासाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, त्या मायकल मार्मट यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८५ पासून स्त्रियांनाही घेऊन दुसरा अभ्यास सुरू केला. त्यात एक गोष्ट वर आली: आपल्या कामात आपलं किती चालतं. ज्याचं काहीच चालत नाही, त्याच्या हृदयाला धोका जास्त.

आणि संध्याकाळी तोच माणूस घरी जातो. तिथे पाळणा असतो.

(दृश्य: बाटलीची झाकणं, पुठ्ठा, दोरा. त्यातून खेळणं बनवणारे हात.)

जमैकातलं किंग्स्टन शहर. १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. वयाच्या मानाने खुरटलेली १२९ मुलं, सगळी दोन वर्षांच्या आतली, गरीब वस्त्यांतली. काही घरांत दूधपावडर दिली. काही घरांत आठवड्यातून एकदा, तासभर, एक आरोग्यसेविका जायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. असं दोन वर्षं चाललं. मग अभ्यासकांनी या मुलांची पाठ सोडली नाही. ती विशीत पोचली तेव्हा दूधपावडरीचा फायदा टिकलेला दिसला नाही. पण ज्यांच्या घरी सेविका जायची, त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती, आणि त्यांच्यात उदासीची लक्षणं कमी होती.

सेविका काय करायची? घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून बनवलेलं एखादं खेळणं पिशवीतून काढायची. ते घेऊन मुलाशी कसं खेळायचं, हे आईला दाखवायची. मग खेळणं आईच्या हातात द्यायची. निघताना ते तिथेच ठेवून जायची, पुढच्या आठवड्यात परत घ्यायची आणि दुसरं द्यायची.

आणि तो तासभर आई हातातलं काम बाजूला ठेवून मुलासमोर बसलेली असायची.