खाली अ‍ॅक्रिलिक, वर इनॅमल

हे स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. मूळ विमानाच्या १/७२ आकाराचं, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या विमानांचे रंग त्यावर चढलेत: पाठीवर हिरवे आणि मातकट पट्टे, पोटाला फिकट हिरवट छटा.

हे रंग अ‍ॅक्रिलिक, पाण्यातले. पाणी उडून गेलं की रेझिनचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे, सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा तयार होतो. पक्क्या वाळलेल्या या पापुद्र्याला व्हाइट स्पिरिट, म्हणजे ऑइलपेंट पातळ करायचा द्रावक, विरघळवू शकत नाही. पुढचं सगळं काम याच गुणावर उभं आहे.

रंग अगदी बरोबर आहेत, तरी विमान अजून खेळण्यातलं वाटतं. पत्रे जिथे जोडलेत त्या रेघा दिसतच नाहीत.

म्हणून आधी चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशचा एक हात. आणि मग इनॅमल. ब्रिटनमधल्या कित्येक मुलांनी हम्ब्रॉल कंपनीच्या १४ मिलिलिटरच्या पत्र्याच्या डब्यांतून वापरला, तोच हा रंग. आपल्या दारं-खिडक्यांचा ऑइलपेंटही याच कुळातला.

गडद तपकिरी इनॅमल व्हाइट स्पिरिटमध्ये अगदी पातळ करायचा. ब्रशचं टोक रेघेला नुसतं टेकवायचं. आता बघा! रंग आपला आपण रेघेतून धावत सुटतो. केशाकर्षण. मॉडेल रंगवण्यातला याहून सुंदर क्षण मला माहीत नाही. वार्निश नसतं तर खरखरीत मॅट रंगावर इथे डाग पसरला असता.

अर्ध्या तासाने कापसाची काडी व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित ओली करून पुसायचं, नाकाकडून शेपटीकडे, हवा वाहते त्या दिशेने. जास्तीचा रंग निघतो, रेघेतला राहतो, खालच्या हिरव्याला धक्काही लागत नाही. मनासारखं झालं नाही तर सगळं पुसून पुन्हा लावता येतं, कारण इनॅमल सावकाश वाळतो. आधी द्रावक उडतो, मग अल्किड रेझिन हवेतला ऑक्सिजन घेत कित्येक दिवस कडक होत राहतं.

एक जपायचं. उघड्या प्लास्टिकच्या सांध्यांत द्रावक साचू द्यायचा नाही, ताणलेलं प्लास्टिक तडकतं. खिडकी उघडी हवीच.

शेवटचा मॅट अ‍ॅक्रिलिक थर मात्र घाईने चढवू नये. इनॅमल वरून कोरडा लागला तरी आतून वाळतच असतो, आणि त्यावरच्या थराला भेगा पडू शकतात. विमान नाकाशी धरा. व्हाइट स्पिरिटचा वास येतोय? मग मॅट वार्निशची बाटली उघडायची नाही.