वारा आडवा आला की विमान परत वर का जातं

नमस्कार मंडळी. जून लागला की आपल्या खान्देशात वाऱ्याची दोन कामं ठरलेली, रावेर-यावलकडे केळी आडवी पाडायची आणि बाकी सगळीकडे लाईट घालवायची. आज बोलायचंय ते हाच वारा उतरत्या विमानाला काय करतो आणि पायलट अगदी टेकता टेकता ते परत वर का नेतो त्याबद्दल. जळगावला ती पंख्यावाली विमानं यायला लागल्यापासून गावात एकतरी जण विमानात बसून आलेला असतोच, त्यामुळे बेल्ट कसा लावायचा वगैरे सांगत नाही.

तर टेकता टेकता वर जाणं, याला म्हणतात गो-अराउंड. लक्षात ठेवा, गो-अराउंड. तो अपघात नाही, चूकही नाही, ते पायलटचं रोजच्या शिक्षणातलं काम आहे.

आडवा वारा असला की विमान नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं तिरकं येतं, खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं हा धावपट्टी सोडून कुठे चाललाय, पण ते बरोबर असतं, टेकायच्या वेळी पायलट पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक सरळ करतो. वारा एकसारखा असेल तर मोठी विमानं ताशी ६५-७० किलोमीटरचा आडवा वारासुद्धा सोसतात, ओल्या धावपट्टीवर त्याहून कमी. गडबड होते ती झोताने. समोरचा वारा एकदम पडला की विमानाचा वेग पडतो आणि ते दगडासारखं खाली यायला लागतं. म्हणून नियम असा की जमिनीपासून १००० फुटांवर, हवा स्वच्छ असेल तर काही कंपन्यांत ५०० फुटांवर, सगळं जागेवर पाहिजे. वेग, धावपट्टीशी सरळ रांग, खाली काढलेली चाकं, फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, आणि खाली यायचा दर मिनिटाला १००० फुटांच्या आत. त्याच्या खाली यातलं एक जरी बिघडलं आणि लगेच सावरलं नाही, तर वर. चर्चा नाही, वर.

आता आमच्या नानांचं सांगतो, हे सांगायलाच तर आज माईक धरलाय.

नाना म्हणजे माझे धाकटे काका, उभी हयात आग्रा रोडला ट्रक चालवला, बिजासन घाट त्यांना अंगणासारखा पाठ. तर नानांची पोरगी बेंगळुरूला, तिच्याकडून आम्ही दोघं मुंबईला परत येत होतो, नानांचा पहिलाच विमान प्रवास, पाऊस नुकता लागलेला आणि वारा असा की घाटकोपरच्या वर आलो तेव्हा पंख हे असे डोलत होते. खाली झोपड्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या दिसायला लागल्या, मग रस्ता, मग भिंत, आता टेकणार म्हणून नानांनी समोरची सीट घट्ट धरली, आणि एकदम इंजिनं अशी गरजली की पुढची बाई किंचाळलीच, नाक वर, पोटात गोळा, खालून चाकं आत घेतल्याचा धाडकन आवाज, आणि दोन मिनिटांत आम्ही समुद्रावर. नाना म्हणाले, "आरे, उतरता उतरता कथा चालना हाऊ?" म्हणजे हा कुठे चालला.

मला काय माहीत! वरून घोषणा पण नाही. इथेच लोक घाबरतात बघा, पण पायलट तेव्हा गप्प असतो कारण त्याला आधी विमान सांभाळायचं, मग विमानतळाच्या टॉवरशी बोलायचं, आपला नंबर शेवटी. परत सांगतो, आधी विमान, मग टॉवर, मग आपण.

दुसऱ्या खेपेला उतरलो नीट. चाकं टेकली न टेकली तोच अर्धं विमान बॅगा काढायला उभं, दार उघडायच्या आधी उभं राहून यांना कोणती एसटी पकडायची असते देव जाणे. नाना मात्र शेवटपर्यंत बसून राहिले आणि दारात कॅप्टन उभी होती, तिशीतली पोरगी, नशीब मराठी होती, तिच्यासमोर जाऊन उभे. "पोरी, पहिले काबर नही उतारं?" म्हणजे आधी का नाही उतरवलंस.

ती हसली. म्हणाली, "काका, मी उतरवतच होते, माझा को-पायलट गो-अराउंड म्हणाला म्हणून वर घेतलं."

"आन तो काबर म्हने?"

"ते मी वर गेल्यावर विचारलं."

नाना असे खूष झाले की टॅक्सीत बसेपर्यंत तेच. म्हणे गाडी रिव्हर्स घेताना क्लीनरने मागून पत्र्यावर थाप मारली की उस्ताद आधी ब्रेक दाबतो आणि मग खाली उतरून शिव्या देतो, जो आधी शिव्या देतो त्याची गाडी दरीत.

बस, मला एवढंच सांगायचं होतं. दोघांपैकी कोणीही गो-अराउंड म्हटलं की वर, मग म्हणणारा कालचा पोरगा का असेना. २०१० साली मंगळुरूला विमान गरजेपेक्षा उंचावरून उतरत होतं, तिथे वाऱ्याचा दोष नव्हता, को-पायलटने गो-अराउंड म्हटलं होतं, एकदाच नाही, पुन्हा पुन्हा, पण कॅप्टनने उतरणं चालूच ठेवलं. १५८ माणसं गेली, वाचले फक्त ८. याउलट २००८ च्या मार्चमधे जर्मनीत हॅम्बुर्गला वादळात एअरबसचा डावा पंख धावपट्टीला घासला, त्यांनी तसंच विमान वर घेतलं, परत येऊन उतरवलं, सगळे सुखरूप. आणि तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमान-सुरक्षेच्या संस्थेच्या अभ्यासात काय निघालं, तर बिघडलेल्या १०० अप्रोचमधे, म्हणजे उतरायला येताना सगळं जागेवर नसलेल्या शंभर खेपांत, गो-अराउंड करणारे जेमतेम ३, बाकीचे तसेच उतरतात. शंभरात तीन! उशीर होईल, तेल जाईल, लोक काय म्हणतील, हे पायलटच्या डोक्यातही येतंच की.

तेलावरून, कोणाला शंका असेल की वर घिरट्या घालायला तेल पुरतं का. पुरतं. निघतानाच मुक्कामापर्यंतचं, तिथे जमलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि जेट असेल तर त्यावर आणखी अर्ध्या तासाचं तेल टाकीत असतं. म्हणून कधी कधी मुंबईचं विमान अहमदाबादला जाऊन उतरतं, तिथे तास तास बसवून ठेवतात आणि पाण्याच्या बाटलीशिवाय हातावर काही ठेवत नाहीत, पण ते भांडण पायलटशी नाही, कंपनीशी, त्यावर पुढच्या गुरुवारी बोलू. नमस्कार.